ट्रेत काय टाकायचं

— न्हाई न्हाई, रुमाल काढू नका, भाऊ. लावलाय तो राहू द्या. मला त्याचं काही वाटत न्हाई. इथं येणारा प्रत्येक माणूस पहिलं नाकाला काहीतरी लावतो आन् मंगच बोलतो. बचत गटाच्या मॅडम आल्या होत्या, ज्यांनी तुमाला माझा नंबर दिला त्याच, तर त्या तिकडं शेवग्याखाली लांब उभ्या राहिल्या आन् तिथूनच म्हणाल्या, छान ठेवलंय हो खुराडं. आता तिथून काय दिसलं त्यांना? लोकाला वाटतं हिला सवय झाली असंल. सवय-बिवय काही होत न्हाई. अकरा वर्षं झाली मला कोंबड्या करून, अजून बी सकाळी हे दार उघडायच्या आधी मी बाहेरच श्वास भरून घेते. जो म्हणतो ना सवय होती, त्यानं हाताखाली दुसरं कोणतरी ठेवलेलं असतं, बघा. — पाणी प्या की. तांब्या भरून ठेवलाय तुमच्यापाशी. हात धुवून आणलंय मी.

पिंगळीचे म्हणलात ना तुमी? आमची नणंद तिथंच दिलीय, माधवी. वळखता का? — मान हलवली का काय, त्या रुमालामुळं समजंना. न्हाई म्हणलात वाटतं. असू द्या, रेल्वेच्या नोकरीतून आत्ता सुटलेला माणूस, सगळी जिंदगी पूर्णेच्या लाइनीवर गेली तुमची, गावातल्या लेकी-सुना कुठून वळखू येतेल. तर तुमचं विचारणं ट्रेचं. पन्नास कोंबड्या, स्लॅबवर खुराडं, आन् ट्रेत काय टाकायचं — बरं केलं विचारलं. लोकं कोंबडी कोणती घ्यायची ते विचारतेत, दाणा कोणता ते विचारतेत, हे कोणी विचारत न्हाई. आन् काम तर हेच हाय. कोंबडी दिवसभर रानात फिरती, तिकडचं तिकडं जातं, पण रातचं दांडीवर बसली की खाली सगळा तोच पाऊस. म्हणून दांडीखाली हे पत्र्याचे ट्रे. सहा हायेत माझ्याकडं. रोज सकाळी ओढून काढायचे, बघायचे, वरचं वरचं खरवडायचं, आठ दिवसाला सगळं बदलायचं. हे ज्याला जमतंय त्यानं कोंबड्या कराव्या. ज्याला जमत न्हाई त्यानं अंडी इकत आणून खावी.

आता भुसा घ्या. सगळे भुसाच सांगतेत. मोबाइलवर बघा, पिवळाधमक भुसा, त्यावर पांढऱ्या कोंबड्या, आन् एक बाई हातमोजे घालून हसायली. त्या बाईला म्हणावं, झडीत ये आमच्याकडं. चार दिवस सूर्य दिसला न्हाई की त्या भुश्याची लापशी होती — लापशीच म्हणते मी, दुसरा शब्द न्हाई — आन् तिच्या बुडाला अळ्या पडतेत, तांदळाएवढ्या, ट्रे उचलला की सगळं जाग्यावर वळवळायलंय. त्या दिवशी माझ्याच्यानं भात खाणं होत न्हाई. आन् वखारीत आता लाकूड तरी कुठं राहिलं, सगळा प्लायवुडचा भुसा, पिठासारखा, कोंबड्याच्या डोळ्यात बी जातो आन् आपल्या घशात बी. भाताचं तूस चांगलं, मी न्हाई म्हणत न्हाई, पण आपल्याकडं भात पिकतो का? आपलं सोयाबीन. सोयाबीनचं भुसकट टाकून बघितलं मी, हातात काटे शिरले आन् ओलं झाल्यावर काळी बुरशी आली, कोंबड्या छातीतून घरघर करायल्या. पेपर टाका म्हणलं कोणतरी. टाकला. शीट कागदाला चिकटती, कागद पत्र्याला चिकटतो, मंग बसा उलथनं घेऊन. वरून त्यात योगीराजचा फोटो निघाला — धाकटा दीर माझा — कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सात जण रांगेत उभे, त्यात हा सहावा, आन् नेमका त्याच्यावरच... आठ दिवस बोलला न्हाई माझ्याशी. मी म्हणले, भावजी, कोंबडीला वाचता येत न्हाई.

वाळू चांगली. चाळणीनं चाळली की शीट वर राहती, वाळू खाली. पण नदीतून घमेलंभर वाळू आणायची म्हणलं तरी दहा जण विचारतेत कुठून आणली. चुना तर बिलकुल टाकू नका. कोणी बी सांगू द्या. शिटेत चुना पडला की असा वास सुटतो, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, त्यापरीस नुसती घाण बरी. मंग राहती राख. राख सगळ्यात चांगली. वास मारती, ओल ओढती, माशी बसू देत न्हाई, कोंबड्या तिच्यात लोळल्या तर पिसातल्या उवा बी मरतेत. अंघोळीच्या पाण्याची चूल हाय आमची बाहेर, कापसाच्या पऱ्हाट्या जाळते, तुरीच्या तुराट्या जाळते, ती राख चाळून पोत्यात भरून ठेवते. तीन भाग राख, एक भाग सुकं भुसकट, राखेत मिसळलं की ते बुरशी धरत न्हाई. लिहून घ्या. पण एक — राख आपल्या चुलीची वापरा. स्वतःच्या हातानं भरलेली. दुसऱ्यानं आणून ठेवलेल्या पोत्याला हात लावू नका कवाच. हे बी लिहा.

— काहून म्हणजे? असंच. सांगायले म्हणून लिहा.

न्हाई, ते पोतं न्हाई. त्या कोपऱ्यातलं कशाला बघायलात मघापासून? खत पाहिजे तर इकडं चार पोती हायेत, ह्यातलं न्या, पण हे कच्चं हाय बरं का. कोंबडीखत लय गरम, झाडाच्या बुडाला असंच टाकलं तर झाड जळून जातं, वर्षभर मुरू द्यावं लागतं. — हां, ते मुरलेलं हाय. ते वर्षाचं हाय. म्हणून तर तोंड शिवून ठेवलंय सुतळीनं. बरोबर वळखलं तुमी, त्याला वास न्हाई. मातीसारखं झालंय आता. पण ते द्यायचं न्हाई. कितीही म्हणलात तरी न्हाई. त्याचं झाड ठरलेलं हाय. तो बघा, बांधावर आंबा, कंबरेएवढा झालाय, त्याला कठडा बी केलाय ह्यांनी. त्याला टाकायचं. पुढच्या आठवड्यात सासूबाईचं वर्षश्राद्ध हाय, त्याच्या आत टाकायचं, कोणी नसताना.

कोणी नसताना म्हणजे... तुमी लय बारकं ऐकता हो, भाऊ. रेल्वेत काय होते तुमी, चेकर?

तो आईचा आंबा हाय. सासूबाईचा — कासाबाई नाव त्यांचं. आमच्याकडं आता राख नदीत न्हाई टाकत सगळी. अस्थी तेवढ्या नेऊन सोडतेत, आन् राख आपल्याच शेतात खड्डा घेऊन पुरायची, त्यावर झाड लावायचं. चांगली रीत हाय, मी काही वाईट म्हणत न्हाई. तिसऱ्या दिवशी माणसांनी राख सावडली, पोत्यात भरली. झाड दहाव्याला लावू, सगळी जमतेल, असं माधवीनं ठरवलं. तवर ते पोतं ठेवायचं कुठं? घरात आणत न्हाईत. मंग योगीराजनं काय करावं? आणलं आन् ठेवलं इथं, खुराड्याच्या वळचणीला, माझ्या राखेच्या पोत्याशेजारी. पोतं तसंच, सुतळी तशीच, राख तर राखच. मला सांगितलं का? न्हाई. पुरुषाला वाटतं, मी ठेवलं म्हणजे सगळ्या दुनियेला समजलं.

आन् दिवस कसले, तर झडीचे. घराला सुतक, आमची चूल बंद, भावकीतून डब्बे यायलेत, म्हणजे नवी राख न्हाई. भुसा भिजून गेलेला. सहा दिवस कोणी त्या जनावराकडं बघितलं न्हाई, मला उठू देईनात, बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडायच्या, मी बी रडायचे. सहाव्या दिवशी ट्रेतनं अळ्या खाली सांडायला लागल्या. सांडायला लागल्या म्हणते मी, भिंतीवर चढायल्या होत्या. आन् वाऱ्यानं वास तिकडं, ओट्यावर बसलेल्या माणसात. तर योगीराज आला आन् चारचौघात म्हणाला, वैनी, माणसं बसलेत, तुमच्या त्या घाणीचं काहीतरी करा. माझ्या घाणीचं. त्या घाणीच्या अंड्यावर त्याच्या पोरीची शाळा चालती, ते जाऊ द्या. मी उठले. पदर खोचला. पहिला ट्रे धुतला, पोतं ओढलं, राख पसरली. दुसरा, तिसरा. चुकून झालं ते. मला काय माहीत. चुकूनच झालं, भाऊ, देवाशपथ.

मंग काहीतरी हाताला लागलं. खिळ्यासारखं. मला वाटलं पऱ्हाटीसंगं चुलीत गेला असंल एखादा खिळा. पुसला, तर आटे असलेला, बोटाएवढा, स्क्रू. स्टीलचा. काळा पडलेला पण गंज न्हाई. सासूबाई न्हाणीत पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं, परभणीला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई घातली आन् तीन स्क्रू. ती एक्स-रेची फिल्म मीच घेऊन हिंडायचे ना दवाखान्यात, उजेडाला धरून बघायचे — एक, दोन, तीन. सावडताना माणसांनी सळई काढली, दोन स्क्रू काढले. तिसऱ्याचं कोणाच्या ध्यानात बी न्हाई आलं. त्यांना कुठं माहीत होतं किती होते.

तर असं झालं ते. त्याच्यात माझा काही दोष न्हाई, न्हाई का? तुमीच सांगा. कोणी बी असतं तरी हेच झालं असतं. मंग मी आपली राख त्यांच्या पोत्यात भरली, वजन जमवलं, सुतळी बांधली. दहाव्याला ह्यांनी ती खड्ड्यात ओतली, माधवीनं हात जोडले, सगळे हमसून हमसून रडले पऱ्हाटीच्या राखेला. आन् मी सहाही ट्रे आठ दिवसानं खरवडून ह्या पोत्यात —

सहा म्हणले का मी? तीनच. म्हणजे —

तुमी पाणी का पीत न्हाई हो, भाऊ? मघापासून तांब्या तसाच. उन्हातनं आलात. पूर्णेपासून टमटममधी धूळ खात आलात. मी साबणानं हात धुतलेत, आधी राखेनं, मंग साबणानं. — तहान न्हाई. बरं. तहान न्हाई म्हणायच्या त्या बी.

दहा वर्षं त्या बाईनं माझ्या हातचं पाणी पिलं न्हाई. जात एक, घर एक, लांबून भाचीच होते मी त्यांची, तरी न्हाई. माळकरी होत्या. कोंबड्या आल्या त्या दिवशी म्हणाल्या, तुझ्या हाताला घाण वास येतो. झालं. भाकर चालायची, भाकर तव्यावर भाजली की चोख होती म्हणे. पण पाणी लेकाच्या हातचं. मी काही बोलले न्हाई, म्हातारं माणूस, येत बी असंल वास, मला सुद्धा येतो. पण त्या पडल्या, भाऊ, आन् सात महिने अंथरुणावर होत्या. मंग कोणी काढलं? पाणी लेकाच्या हातानं आन् हागणं सुनेच्या हातानं. माधवी यायची, दारातूनच नाकाला पदर लावायची, आई गं कशी गत झाली म्हणायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. मी भांडं काढायचे. त्या भांड्यात वासाला म्हणून जरासा भुसा टाकला एकदा, चांगला सुका, चाळून. तर केवढं रडल्या. मला कोंबडी समजतीस का म्हणाल्या. मी म्हणले, न्हाई आत्या, कोंबड्याला मी एवढं जपत न्हाई. ते चांगल्या मनानं म्हणले होते मी. त्यांना तसं न्हाई लागलं.

आन् शेवटच्या दिवशी घरात मी एकटी. हे पेरणीला, योगीराज कुठं तरी. दुपारी त्या म्हणाल्या, पाणी. मला कळलं, हे पाणी वेगळं हाय. आवाजावरनं कळतं. मी पळत मोरीत गेले, हात धुतले, राखेनं धुतले, साबणानं धुतले, लिंबू चिरून चोळलं, नखात झोंबलं मला. चमचा भरला, तोंडापाशी नेला. तर त्यांनी ओठ मिटले. असे. डोळे उघडे, माझ्याकडं बघायल्या, आन् ओठ घट्ट. मी म्हणले, आत्या, घ्या, लिंबानं धुतलाय हात. तोंड फिरवलं त्यांनी. पाणी उशीवर सांडलं. हे येईपर्यंत संपलं होतं सगळं.

आन् माधवी आली, ओट्यावर पन्नास बायका, त्यांच्यासमोर मला विचारते — वैनी, तुझ्याच्यानं माझ्या आईला घोटभर पाणी बी पाजवलं न्हाई का? मी काय सांगू? तुझ्या आईला माझी किळस आली म्हणून ती कोरडी गेली, असं सांगू मयताच्या दारात? गप बसले. अजून गप हाय. गावात वर्षभर तेच हाय — सुनेनं पाणी दिलं न्हाई.

तर तो स्क्रू हातात होता माझ्या. तीन ट्रे झाले होते, तीन राहिले होते. पोत्यात राख होती. बंद करता आलं असतं. भरलेलं परत काढता बी आलं असतं, वरचं वर, अजून एक बी कोंबडी बसली नव्हती. मी मात्र चौथा ट्रे ओढला. तो मी बघून भरला, भाऊ. पाचवा बी. सहावा बी. एकसारखी पसरली राख, हातानं, कोपऱ्यापर्यंत. आन् संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या तवा मी इथंच उभी होते, ह्या दारात. तवा लय बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू. आन् घटकाभरानं ह्या भिंतीला धरून मी ओकले. त्या वासानं न्हाई. वास तर त्या दिवशी नव्हताच, राखेनं मारला होता सगळा.

म्हणून पोतं शिवलं. स्क्रू बी आतच हाय. सहाही ट्रेचं, एक कणी सांडू दिली न्हाई, वर्षभर दर पंधरा दिवसाला हलवलं, वाळवलं, पाणी शिंपडलं, परत शिवलं. आता गरमी गेली त्यातली. आता झाड जळणार न्हाई. बुडाला आळं करून टाकते आन् गप बसते. एवढंच राहिलंय. तुमी परके म्हणून बोलले. कोंबडीवाल्या बाईचं काय ऐकायचं, गाडीत बसला की विसरून —

काय? रुमाल काढून बोला, समजंना मला.

कोण? माधवी? तुमच्या चुलतभावाची सून... एका गल्लीत. — मंग मघाशी मान हलवली ती हो म्हणून हलवली होती?

बरं.

न्हाई, शपथ कशाला घालू मी तुमाला. सांगायचं तर सांगा तिला. पण अर्धं सांगू नका. ट्रेचं सांगितलं तर पाण्याचं बी सांगा. चौथ्या ट्रेचं सांगितलं तर लिंबाचं सांगा. दोन्ही सांगा, न्हाईतर काहीच नका सांगू. आन् वर्षश्राद्धाला यायचं तर ये म्हणावं, आंबा चांगला आलाय.

उठा आता, साडेचारची गाडी चुकंल. वही घ्या तुमची. तीन भाग राख, एक भाग भुसकट, लिहिलंय ना? — तांब्या द्या इकडं. न्हाई, आता नका पिऊ, मला बघून पिऊ नका. झाडाला घालते मी ते. जावा, असे फाटकाकडून जावा. आन् रुमाल लावा परत, तिथं ट्रे वाळत घातलेत, लय वास यायलाय.